खून झाला, आरोपी बाहेरचा निघाला: ग्रुपवर, पानठेल्यावर आणि ग्रामसभेत कसं बोलायचं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची पोलीस पाटील आहे. घरी कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि तुरीच्या ओळी. गावात संशयास्पद मयत झाली की ठाण्यात पहिला फोन माझा जातो, आणि पंचनाम्याला पंच मिळवायला दारोदार फिरायचं कामही माझंच. पंच व्हायला कोणी तयार नसतो. त्याच खुनावर मत द्यायला मात्र अख्खं गाव तयार असतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आणखी एक कारण आहे. हल्ली ग्रुपवर येणारे अर्धे खून आपल्या तालुक्यातलेही नसतात. १० सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेत डॅलस शहरात एका मोटेलच्या भारतीय मॅनेजरचा अत्यंत क्रूर खून झाला. मयत मूळचा कर्नाटकातला, आरोपी क्युबाचा. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर लिहिलं, आणि आमच्या ग्रुपवर ‘बेकायदेशीर घुसलेल्यांना हाकला’ चा पूर आला. आमच्या गावचा एक मुलगा तिकडं टेक्सासात व्हिसावर नोकरी करतो. त्याच्या आईनं मला फोन करून विचारलं, “पाटीलबाई, हे हाकला हाकला म्हणून राहिले, त्यात आपला पोरगा येते काय?” त्या फोनचं उत्तर मला लगेच देता आलं नाही.

खुनाचं राजकारण करूच नका, असं मी सांगणार नाही. ते कसं करायचं आणि कुठं थांबायचं, एवढंच सांगते. ग्रुपचा ॲडमिन, सरपंच, बचत गटाची अध्यक्ष, आणि ज्याला गप्प बसवत नाही तो प्रत्येक जण, यांच्यासाठी हे आहे.

पहिले दोन-तीन दिवस

या दिवसांत ग्रुपवर तीन गोष्टी लिहायच्या नाहीत: संशयिताचं नाव, तो कुठला आहे, आणि त्यानं का केलं. पोलिसांनी सांगितलं असेल तरी घाई नको, पानठेल्यावर कळलं असेल तर मुळीच नको. ॲडमिननं ग्रुपची सेटिंग बदलून फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल असं करावं. लोक चिडतात, चिडू द्या. मग हा एक मेसेज टाकायचा:

“अमुक वस्तीत मयत झाली आहे. पोलीस आले आहेत. तिथं गर्दी करू नका, फोटो काढू नका. कोणी काही पाहिलं असेल तर ग्रुपवर लिहू नका, बीट जमादारांना किंवा पोलीस पाटलांना फोन करा.”

ग्रुपवर लिहू नका असं म्हणण्यामागं कारण आहे. ज्यानं खरंच काही पाहिलं तो उद्याचा साक्षीदार आहे. त्यानं रागाच्या भरात ग्रुपवर चार ओळी लिहिल्या आणि ठाण्यात जबाब देताना त्यातली एक ओळ बदलली, तर दोन वर्षांनी आरोपीचा वकील तो स्क्रीनशॉट कोर्टात काढतो. शिवाय कोण साक्ष देणार हे सगळ्यांना आधीच कळतं, आणि मग त्याच्या घरी पाहुणे येऊ लागतात.

ॲडमिन झाल्याबद्दल घाबरायचं कारण नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही; दोघांचा मिळून तसा बेत होता हे दिसावं लागतं. पण मजकूर टाकणाऱ्याला सूट नाही. अफवा पसरवून लोकांना भडकवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये येतं. हे मी ग्रुपवर एकदाच टाकते, धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून.

नंतर खरं कळलं की दुरुस्त करू, या भरवशावर कोणी राहू नये. ब्रिटनमध्ये साउथपोर्टला २९ जुलै २०२४ रोजी मुलांच्या नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींचा खून झाला. संशयित सतरा वर्षांचा, म्हणून नाव लगेच जाहीर झालं नाही. तेवढ्या वेळात कोणीतरी एक खोटं, मुसलमानी वाटेल असं नाव सोडून दिलं आणि वर ‘होडीतून आलेला आश्रयार्थी’ असं जोडलं. दुसऱ्याच संध्याकाळी तिथल्या मशिदीवर दगड पडले. मुलगा वेल्समध्ये, कार्डिफला जन्मलेला होता. आईवडील रवांडातून आलेले. न्यायाधीशांनी १ ऑगस्टला नाव जाहीर करायला परवानगी दिली, खरं सगळ्यांना कळलं, आणि तरीही ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळ आश्रयार्थी ठेवलेल्या हॉटेलवर जमाव चालून गेला. एकदा पेटलेल्या माणसाला जन्मगाव ऐकायचं नसतं.

आणि हे ब्रिटनचंच आहे असं समजू नका. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली या मेसेजवर पाच माणसं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारली गेली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं ढकलता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच अफवेच्या जमावानं मारले, आणि पाहता पाहता मारणाऱ्यांचा धर्म कोणता यावर देशभर भांडण पेटलं. आपल्या काटोलचे अनिल देशमुख तेव्हा गृहमंत्री होते. अटक झालेल्या १०१ जणांची यादीच त्यांना जाहीर करावी लागली. तीन माणसं गेली होती, आणि गृहमंत्र्यांना नावांमधून धर्म दाखवत बसावं लागलं.

मयताच्या घरचे काय म्हणतात ते ऐकायचं, त्यांच्या तोंडून बोलायचं नाही

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्रुकलिन नावाचं दीडेक हजार वस्तीचं गाव आहे. चहूकडं मका, गाईंचे गोठे, कामाला मेक्सिकोकडचे मजूर. मका काढून पऱ्हाटी लावली की आपलाच तालुका. जुलै २०१८ मध्ये तिथली वीस वर्षांची कॉलेजात शिकणारी मुलगी संध्याकाळी पळायला गेली ती परत आली नाही. २१ ऑगस्टला मक्याच्या वावरात तिचा मृतदेह सापडला. पकडलेला माणूस मेक्सिकोचा, जवळच्या दुग्धशाळेत कामाला, कागदपत्रं नसलेला. त्याच संध्याकाळी वेस्ट व्हर्जिनियातल्या सभेत ट्रम्प यांनी तिचा विषय काढला. राज्यपाल किम रेनॉल्ड्स यांनी मोडक्या स्थलांतर व्यवस्थेवर बोट ठेवलं. घरच्यांनी अजून अंत्यसंस्कारही केले नव्हते.

मुलीचं नाव मी लिहीत नाही, आणि तुम्हीही ग्रुपवर मयताचं नाव शक्यतो वापरू नका. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा असेल तर नाव उघड करणं हाच वेगळा गुन्हा आहे.

त्या मुलीचे वडील अंत्यसंस्काराच्या वेळी म्हणाले की इथले हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखातून आलेले लोक आयोवाचेच आहेत, फक्त त्यांचं जेवण आमच्यापेक्षा चांगलं. नंतर त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात लिहिलं: चर्चा करा, पण ज्या मतांना माझी मुलगी वंशद्वेषी मानायची ती मतं पुढं रेटायला तिचा वापर करू नका. तिच्या आईनं तर त्याच दुग्धशाळेत काम करणाऱ्या, गाव सोडून निघालेल्या एका मेक्सिकन कुटुंबाच्या मुलाला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, त्याची शाळा तुटू नये म्हणून.

इथवर सांगितलं की आमच्याकडचे शिकलेले लोक माना डोलावतात. पण पुढचं ऐका. फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉर्जिया राज्यात नर्सिंग शिकणाऱ्या मुलीचा असाच, पळायला गेली असताना, खून झाला. आरोपी व्हेनेझुएलाचा, बेकायदेशीर आलेला. नोव्हेंबरमध्ये त्याला मरेपर्यंत जन्मठेप झाली. तिच्या वडिलांनी टीव्हीवर सांगितलं की मतांसाठी तिचा वापर होतो आहे असं वाटतं. आईनं मात्र मुलीच्या नावाच्या कायद्याला उघड पाठिंबा दिला. २९ जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी त्या लेकन रायली कायद्यावर सही केली. कागदपत्रं नसलेल्या माणसावर चोरी, दुकानातून वस्तू उचलणं असा नुसता आरोप झाला तरी त्याला डांबून ठेवायचं, असं तो कायदा सांगतो.

एकाच मुलीचे आईबाप, दोघांचं दुःख खरं, आणि मतं दोन. म्हणून ‘घरचेच म्हणाले’ हे वाक्य वादात पत्त्यासारखं टाकायचं नाही. ना हाकला म्हणणाऱ्यांनी, ना आमच्यासारख्यांनी. आपल्याला पटणारा बाप निवडायचा आणि न पटणारी आई गाळायची, हे मला स्वतःला फार सोपं जातं. तेरवीपर्यंत तरी एक नियम पाळा: घरच्यांनी जे म्हटलं ते पूर्ण सांगा, नाहीतर अजिबात सांगू नका. आणि मयताच्या फोटोवर पक्षाचं चिन्ह, घोषणा, मागणी काहीही छापायचं असेल तर आधी घरात विचारा. बाहेर ओट्यावर बसलेल्या काकाला नाही, आत बसलेल्या बाईला.

“तो इथं आलाच नसता तं हे झालं असतं काय?”

हा प्रश्न येणारच. आमच्या शेजारच्या गावात काही हंगामांपूर्वी एका दुकानदाराचा रात्री खून झाला, उधारीच्या भांडणातून असं पोलिसांचं म्हणणं. पकडला तो जिनिंगवरचा मजूर, परराज्यातला. कोर्टात केस चालू आहे, म्हणून गाव, राज्य, नावं सगळं गाळते. आमच्याच ग्रुपवरच्या एका मामाजींनी मला चावडीसमोर थांबवून हा प्रश्न विचारला.

आकडे काढू नका. “नसतं झालं, मामाजी,” असं म्हणा, कारण ते खरं आहे. समोरच्याला वाटत असतं की तुम्ही हे कबूल करणार नाही, आणि तिथंच भांडण अडतं. एकदा कबूल केलं की पुढचा प्रश्न तुम्हाला विचारता येतो: “मंग काय केलं असतं म्हणजे हे थांबलं असतं?”

इथं घाई करू नका. एक एक कडी काढत जायचं. आमच्या बाबतीत मामाजी आणि मी तिथंच उभ्यानं मोजलं. मजूर आणले मुकादमानं. मुकादमाकडं त्यांची यादी नव्हती, आधार कार्डाची झेरॉक्स नव्हती. जिनिंगनं मुकादमावर सोपवलं आणि हात झटकले. खोल्या गावाबाहेर, टिनाच्या, उजेड नाही. मजुरी थकलेली, म्हणून किराण्याची उधारी तुंबलेली. त्या माणसानं आधी दोनदा भांडण केलं होतं, पण ठाण्यात कोणी कळवलं नाही, मलाही नाही. यातली कुठलीही कडी सांगून खून करणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. पण ‘सगळे बाहेरचे हाकला’ ही मागणी यातल्या एकाही कडीला हात लावत नाही.

आयोवातही असंच झालं. दुग्धशाळेनं आधी सांगितलं की या माणसाची कागदपत्रं आम्ही ई-व्हेरिफाय या सरकारी यंत्रणेतून तपासली होती. दुसऱ्या दिवशी कबूल करावं लागलं की ती यंत्रणा वापरलीच नव्हती, दुसऱ्या साध्या पद्धतीनं नंबर पडताळला होता. म्हणजे ज्याला खरंच ‘पुन्हा होऊ नये’ असं वाटतं त्याच्या हाताला लागणारी कडी मालकाच्या ऑफिसात होती. सभांमध्ये मात्र मेक्सिकोच्या सीमेवर बांधायची भिंत गाजत होती. मजूर लागतो स्वस्त, मालक असतो मतदार. मग भिंतीवर बोलणं सोयीचं पडतं. आपल्याकडं वेगळं काय आहे?

उलट बाजूही सांगते. डॅलसच्या प्रकरणात सरकारनंच सांगितलं की त्या क्युबन माणसावर आधीचे गुन्हे होते, त्याला परत पाठवायचा आदेश होता, क्युबानं घ्यायला नकार दिला म्हणून जानेवारी २०२५ मध्ये त्याला कोठडीतून देखरेखीवर सोडलं. इथं स्थलांतराचा प्रश्न विचारणं म्हणजे मयताच्या टाळूवरचं लोणी खाणं नव्हे. कोणी सोडलं, देखरेख काय ठेवली, हे विचारलंच पाहिजे. असा रास्त प्रश्न विचारणाऱ्याला लगेच ‘द्वेष पसरवतो’ म्हटलं की तो पुढच्या वेळी रास्त प्रश्न विचारत नाही, सरळ दगडच उचलतो.

माझी कसोटी एवढीच: मागणी त्या घटनेच्या साखळीत जे होते त्यांच्याकडं बोट दाखवते, की जे तिथं नव्हतेच त्यांच्याकडं? पहिलीला वाट द्या. दुसरीला तिथंच थांबवा.

मामाजींनी शेवटी म्हटलं, “एका बोंडात अळी दिसली का पुरी पऱ्हाटी फवारा लागते, पाटीलबाई.” टाळ्या मिळवणारं वाक्य आहे, आमच्या गुलाबी बोंडअळीच्या मुलखात तर जास्तच. मी म्हटलं, “मामाजी, तुमचा पोरगा पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते. त्याले कोणी बोंड म्हटलं तं चालन काय?” ते चिडले, चहा न पिता गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, वाद घालायलाच. चालतं.

“याचं राजकारण करू नका” हे ऐकलं की आधी बोलणारा पाहा

हे वाक्य सभ्य वाटतं, पण ते फार वेळा दारं बंद करायला वापरलं जातं. आपल्याच विदर्भातलं खैरलांजी घ्या. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, २९ सप्टेंबर २००६. एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावातल्या जमावानं मारले. सुरुवातीला ही बातमी आतल्या पानावरची, चारित्र्याची कुजबुज लावलेली. नोव्हेंबरमध्ये नागपूर, अमरावती, यवतमाळकडं लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठं तपास सीबीआयकडं गेला. त्या वेळीही शांततावादी बरेच होते: राजकारण नको, गावाचं नाव खराब होते. लोकांनी राजकारण केलं नसतं तर ती चार माणसं कागदावर कशी मेली असती, कोण जाणे.

मग खैरलांजीचं राजकारण आणि ‘बाहेरचे हाकला’ चं राजकारण यात फरक कोणता? तिथं बोट होतं मारणाऱ्यांकडं, पाहत राहिलेल्यांकडं, आणि कागद दाबणाऱ्यांकडं. शेजारच्या तालुक्यात कामाला गेलेल्या कुणाकडं नव्हतं.

हिंगणघाटही आठवा. फेब्रुवारी २०२० मध्ये भर रस्त्यात एका प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून जाळलं. आठवडाभरानं ती गेली. आरोपी तिच्याच गावचा. लोक पेटले, झटपट फाशीची मागणी झाली, पुढं डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळानं शक्ती विधेयक मंजूर केलं. पण त्या गावच्या बाकी पोरांना खोल्या देऊ नका, असं कोणी म्हणालं नाही. तीच गोष्ट आपल्या वादात करून पाहायची. मेसेज पाठवण्याआधी ‘बिहारी’, ‘पारधी’, ‘बंगाली’ या शब्दाच्या जागी स्वतःच्या गावाचं किंवा जातीचं नाव घाला आणि मोठ्यानं वाचा. वाचवत नसेल तर पाठवू नका.

आकडे

आकड्यांवर फार वेळ घालवू नका. एका खुनावरून कोणत्याही समाजाचा गुन्ह्याचा दर कळत नाही, आणि दर सांगून कोणत्याही घरातलं रडणं थांबत नाही. तरी कोणी विचारलंच तर: टेक्सासमध्ये अटक झालेल्याची नागरिकत्वाची नोंद होते, म्हणून २०१२ ते २०१८ ची तिथली आकडेवारी संशोधकांनी तपासली. गंभीर हिंसक गुन्ह्यांत अटक होण्याचं प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांत कागदपत्रं नसलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. हे टेक्सासचं आहे, आपल्या तालुक्याचं नाही. तसंच जपून सांगा.

ग्रामसभेत ठराव आला तर

शेजारच्या गावात तो आला: ‘बाहेरच्या मजुरांना गावात खोली देऊ नये.’ ठराव यायच्या आधीच निम्मे मजूर रात्री टेम्पोनं निघून गेले होते, मजुरी न घेता. २०१८ मध्ये गुजरातेत याहून मोठं झालं होतं. साबरकांठ्यात एका तान्ह्या मुलीवर अत्याचार झाला, पकडलेला बिहारचा होता, आणि हजारो उत्तर भारतीय मजूर मिळेल त्या गाडीनं पळाले. त्यांतल्या एकानंही त्या लेकराला पाहिलं नव्हतं.

इथं अमेरिका आणि आपल्यातला फरक स्पष्ट सांगावा लागतो, कारण टीव्ही पाहून लोक तो विसरतात. तिकडचा वाद परदेशी माणसाला देशात राहायचा हक्क आहे की नाही, याचा आहे. प्रत्येक देशाला तो नियम करता येतो, त्यावर दोन मतं असू शकतात. आपल्या जिनिंगवरचा मजूर बिहारचा असो की छत्तीसगडचा, तो भारताचा नागरिक आहे. राज्यघटनेच्या कलम १९ नं त्याला देशात कुठंही फिरायचा आणि राहायचा हक्क दिला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात तो हाच हक्क. ग्रामसभेचा ठराव त्यापुढं टिकत नाही. कोणी खरंच परदेशी असल्याचा संशय असेल तर ठाण्यात कळवा. तपासायचं काम पोलिसांचं, गावातल्या पोरांचं नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये एकानं ‘माझ्या देशातून चालते व्हा’ म्हणत दोन भारतीय अभियंत्यांवर गोळ्या झाडल्या. हैदराबादकडचा एक जण गेला. दोघांना तो इराणी समजला होता. कागद तपासायचं काम आपल्या हाती घेणाऱ्याची नजर अशी असते.

ठराव फेटाळायला उभं राहू नका, हरता. बदला. मी त्या गावच्या पोलीस पाटलांना आणि सरपंचबाईंना हा मसुदा लिहून दिला होता, थोड्या फरकानं मंजूर झाला:

“गावात मजूर आणणाऱ्या मुकादमानं व मालकानं प्रत्येक मजुराचं नाव, मूळ पत्ता, ओळखपत्राची प्रत आणि घरच्यांचा फोन नंबर आठ दिवसांत पोलीस पाटलांकडे द्यावा. राहण्याच्या जागी दिवा व संडासाची सोय करावी. मजुरी दर आठवड्याला द्यावी. न दिल्यास ग्रामपंचायत कामगार अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करेल.”

मजुरांची नोंद ठेवायची जबाबदारी ठेकेदारावर १९७९ च्या आंतरराज्य मजूर कायद्यानंच टाकली होती, तेव्हा यात नवीन काही नाही. विरोध झाला तो जिनिंगवाल्याकडून आणि मुकादमाकडून. मोठ्यानं ‘हाकला’ म्हणणारे दोघे तर मुकादमाचेच नातेवाईक निघाले. आणि वेचणी तोंडावर आली तशी खोल्यांची भाषा आपोआप नरमली, हेही नोंदवते. वावरात कापूस लोंबत असताना तत्त्वं फार वेळ टिकत नाहीत.

यादी मागायची ती सगळ्यांची. एकाच राज्याच्या किंवा एकाच धर्माच्या मजुरांची वेगळी यादी कोणी मागितली तर देऊ नका, आणि मागणी लेखी द्या म्हणा. लेखी सहसा येत नाही.

नेता भेटीला येतो तेव्हा

येऊ द्या. पण दिवस घरच्यांनी ठरवायचा. घरात नेत्यासोबत दोनच माणसं, कॅमेरा ओट्यापर्यंत. माइक लावायचा असेल तर चौकात, मयताच्या दारात नाही. भाषणानंतर उभं राहून एकच प्रश्न विचारा: “साहेब, या केसमध्ये सरकारी वकील कोण, अन् पुढची तारीख कोणती?” माहीत नसेल तर शोधून सांगा म्हणायचं, आणि सरपंचांच्या वहीत लिहून ठेवायचं. पक्ष कोणताही असो.

कोणी मजुरांच्या खोल्यांकडं मोर्चा वळवायची भाषा केली तर लगेच ठाणेदारांना कळवा, वाट पाहू नका. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून कोणाचा जीव घेतला तर न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी आहे. ‘जन्मस्थान’ हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे. पोरांना हे आधी सांगा, नंतर त्यांच्या आया माझ्याकडं जामीनदार शोधत येतात.

गर्दी पांगल्यावर

महिन्याभरात ग्रुपवर सोयाबीनचे भाव सुरू होतात. खरं काम तेव्हाच असतं. अटकेपासून नव्वद दिवसांत आरोपपत्र गेलं का, हे फिर्यादीनं ठाण्यात विचारायचं. खुनाच्या गुन्ह्यात तेवढ्यात ते गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. साक्षीदाराला तारखेला एकटं पाठवू नका, गावातला कोणीतरी सोबत जा. मजुरांपैकी कोणी साक्षीदार असेल तर त्याचा गावाकडचा पत्ता पोलिसांकडं नीट लिहिला आहे ना ते पाहा. सगळ्यांना हाकलून दिलं तर साक्षीदारही त्यांच्यातच गेलेला असतो, आणि मग केस पडते.

मयताच्या घरच्यांना नुकसानभरपाईसाठी यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. एफआयआरची प्रत, मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसांचं ओळखपत्र आणि बँक पासबुकाची झेरॉक्स सोबत न्या. बाई अर्जदार असेल तर वकीलही तिथं फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. मयत स्वतः बाहेरून आलेला मजूर असेल तरी त्याच्या घरच्यांना हा अर्ज करता येतो. त्यांना कळवायचं काम मुकादमावर सोडू नका, यादीतला फोन नंबर त्याचसाठी घेतला आहे. अर्जाला पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर पावती मागा.